नागपूर–लीलाबारी : दोन तास चौतीस मिनिटं

ग्लोबवर ताणून धरलेला दोरा चार सेंटीमीटरला एक मिलीमीटर कमी भरला. जयवंताने तो तीनदा मोजला. पहिल्यांदा साधा शिवणाचा दोरा घेतला होता. तो ओढला की किंचित लांबतो, म्हणून दुसऱ्यांदा त्याला मेण लावलं, आणि तिसऱ्यांदा तोच दोरा उलट्या बाजूने, लीलाबारीपासून नागपूरकडे धरला. तिन्ही वेळा एकोणचाळीस मिलीमीटर. ग्लोबचा व्यास तीस सेंटीमीटर, म्हणजे एका सेंटीमीटरला साधारण सव्वाचारशे किलोमीटर. गुणाकार करून तिने सोळाशे सत्तावन्न हा आकडा काढला. मग मोबाइलवर एका संकेतस्थळावर दोन्ही विमानतळांची नावं टाकली. उत्तर आलं : अंतर सोळाशे त्र्याहत्तर किलोमीटर, विमानप्रवासाचा वेळ दोन तास चौतीस मिनिटं. दोऱ्याची चूक एका टक्क्याच्या आत होती. तिला बरं वाटलं.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. जयवंता वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे गावातल्या ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होती. बी.एस्सी. झालेली, पण शिक्षिकेची जागा काही तिच्या वाट्याला आली नाही. बावीस वर्षं ती मुलांच्या हातात व्हर्निअर कॅलिपर देत होती, ब्युरेट धुऊन उलटी टांगत होती. बोलायची कमी. घरात बोलण्याचं काम तिचा नवरा धनंजय करायचा. तो कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होता आणि काट्यावर आलेल्या प्रत्येक गाडीवाल्याशी त्याची सोयरीक निघायची.

त्यांच्या लेकीला, काजलला, अश्विनचं स्थळ आलं होतं. मुलगा नागपूरचा, सिव्हिल इंजिनिअर, निर्व्यसनी. नोकरी मात्र आसामच्या टोकाला, अरुणाचलच्या पायथ्याशी एका धरणाच्या कामावर; जवळचा विमानतळ लीलाबारी. सगळं पसंत, फक्त दूर. त्या संध्याकाळी जयवंताने घरी येऊन आकडा सांगितला आणि धनंजयचा चेहरा उजळला.

"अडीच तास? अवं, आर्वीले एस.टी.नं जायाले किती लागते? अडीच तास! म्हंजे पोट्टी आर्वीले देल्यासारखीच झाली."

आर्वी जयवंताचं माहेर. धनंजयने ते वाक्य लग्नाच्या मांडवात सांगितलं, जिनिंगमध्ये सांगितलं, काट्यावर उभ्या असलेल्या ट्रकवाल्यांना सांगितलं. "मुलगी आसामात हाय, पन अडीच तासात घरी. आमच्या मिसेसनं मोजून काढलं, सायन्सवाली हाय ते." आणि काजल जाताना रडली तेव्हा जयवंताने तिच्या पाठीवरून हात फिरवत तेच सांगितलं. अडीच तास, बाळा.

संकेतस्थळाच्या त्याच पानावर खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. ती तिने वाचली नव्हती.

काजलला दिवस गेले ते फेब्रुवारीत. पहिलं बाळंतपण माहेरी, हे कोणाला ठरवावं लागलं नाही. सातव्या महिन्यात आणायचं म्हणून धनंजयने ऑगस्टचं तिकीट बघायला सुरुवात केली आणि त्याच आठवड्यात तिकडे नदीला पूर आला. अश्विनच्या क्वार्टरपासून विमानतळापर्यंतचा रस्ता नऊ दिवस बंद राहिला. अश्विनची सुट्टी रद्द झाली. ऑगस्ट गेला आणि आठवा महिना लागला.

"आठव्यात नाई आनायचं," जिजाबाई म्हणाल्या. धनंजयची आई, वय सत्त्याहत्तर, गुडघे गेलेले, कान शाबूत. "आठव्यात पोटुशीनं नदी ओलांडू नाई."

"माय, ते विमानात येईन. विमान नदीवरून जाते, नदीतून नाई."

"वरून का खालून, ओलांडनं ते ओलांडनंच."

"आपल्या घरात मुहूर्त पाहत नाई, शुभ-अशुभ मानत नाई. तूच तं सांगत होती लहानपनी."

"मुहूर्त नाई सांगून राह्यली मी, महिना सांगून राह्यली. पाच केले मी, तुले काय माहीत? तू एक तं जन्मला आनि तेवढंच तुले बाळंतपनातलं समजते."

धनंजय हसला, पण त्याने सप्टेंबरचं तिकीट काढलं नाही. जयवंतानेही काढ म्हटलं नाही. समोर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली भिंतीवर कॅलेंडर, आणि त्या कॅलेंडरवर तिने पेन्सिलीने दोन खुणा केल्या. घरच्या हिशेबाने नववा महिना एक ऑक्टोबरला लागत होता. विमान कंपनीच्या नियमाने अकरा ऑक्टोबरला छत्तीस आठवडे पुरे होत होते. त्यानंतर गरोदर बाईला विमानात घेत नाहीत. मधे दहा दिवस. त्यातला दोन तारखेचा दसरा सोडायचा, कारण दीक्षाभूमीच्या गर्दीत नागपुरातून गाडी बाहेर काढणं कठीण. धनंजयने सहा तारखेला जाण्याचं आणि सात तारखेला काजलला घेऊन येण्याचं तिकीट एजंटकडून काढलं आणि न वाचताच कपाटात ठेवलं. तो पहिल्यांदाच विमानात बसणार होता. जिनिंगमध्ये त्याने पेढे वाटले.

तेरा सप्टेंबरला काजलचा फोन आला. जयवंता प्रयोगशाळेत एकटी होती.

"आई, तू एकटी हायेस ना?"

"हो. काय झालं?"

"सोनोग्राफी केली आज. बाळ चांगलं हाय. वजन चांगलं हाय. पन वार खाली हाय म्हने."

"किती खाली?"

 एवढ्या दुरून आईने पहिला प्रश्न हाच विचारावा याचं काजलला हसू आलं असावं, किंवा रडू. "फोटो पाठवतो रिपोर्टचा. तूच वाच."

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं : गर्भाशयाच्या तोंडापासून वारेच्या, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटाच्या, कडेचं अंतर अकरा मिलीमीटर. वीस असते तर काळजी नव्हती; इतकी जवळ असली की कधीही रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं : जड उचलू नका, प्रवास टाळा, छत्तीस आठवडे झाल्यावर पुन्हा बघू. रक्त दिसलं तर एक मिनिट घरी थांबू नका.

"बाबाले नको सांगू," काजल म्हणाली. "आजीलेही नको. ते घाबरतीन आनि मले येऊ नाई देनार. आई, मले तुझ्याजवळ यायचंय. इथं रात्रंदिवस पानी पडून राह्यलं. अश्विनची शिफ्ट बारा-बारा तासांची. बाजूची बाई आसामी बोलते, चांगली हाय बिचारी, पन मले दुखलं तं मी तिले काय सांगू? तुझ्याजवळ आली की मले काई होनार नाई."

जयवंताने टेबलावरची स्टीलची पट्टी उचलली आणि अकरावी रेघ अंगठ्याच्या नखाने दाबून धरली. नखाच्या रुंदीपेक्षा कमी.

"पाहू," ती म्हणाली. "अजून तीन आठवडे हायेत. वार वर सरकते पुष्कळदा."

हे खरं होतं. पण तिने ते खरं आहे म्हणून सांगितलं नव्हतं, काहीतरी सांगायला हवं म्हणून सांगितलं होतं, आणि हे तिला फोन ठेवतानाच कळलं.

काजलच्या जन्माची एक गोष्ट घरात नेहमी सांगितली जायची. सव्वीस वर्षांपूर्वी नवव्या महिन्यात जयवंता एस.टी.ने आर्वीला माहेरी निघाली होती. वर्धा सोडल्यावर अर्ध्या तासाने पोटात कळ आली आणि ड्रायव्हरने भरलेली एस.टी. उलटी फिरवून वर्ध्याच्या सरकारी दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली. धनंजय ही गोष्ट रंगवून सांगायचा : कोणी म्हणालं माझी तारीख आहे कोर्टात, कोणी म्हणालं माझी म्हैस विकायची आहे, पण ड्रायव्हर ऐकेना. "जन्माले याच्या आधीच एस.टी. फिरवली माह्या पोरीनं!" सगळे हसायचे. काजलही हसायची.

त्या गोष्टीत रक्त नव्हतं. जयवंताने ते कोणाला सांगितलंच नाही. कळ नव्हती आली. कळ आली असती तर ती ओठ दाबून बसली असती. आधी पायाला कोमट लागलं, मग सीटखालच्या पत्र्याच्या खाचांमधून लाल रेघ पुढच्या सीटकडे निघाली, गाडी वळली की डावीकडे, पुन्हा उजवीकडे. समोरच्या म्हातारीने ती बघितली आणि ओरडली. नंतर दवाखान्यात डॉक्टरीणबाई कोणालातरी म्हणाल्या की अजून वीस मिनिटं झाली असती तर आई गेली असती, आणि मूलही. जयवंताने डोळे मिटलेले होते, म्हणून त्यांना वाटलं ती ऐकत नाही.

वीस मिनिटं. त्या दिवसापासून तिला वेळ हा आकडा वाटायचा नाही. एखाद्या भांड्यात उरलेल्या पाण्यासारखा वाटायचा.

त्याच आठवड्यात तिने संकेतस्थळाचं ते पान पुन्हा उघडलं. या वेळी शेवटपर्यंत वाचलं. खालची बारीक ओळ अशी होती : हा वेळ सरळ रेषेतील अंतर आणि विमानाचा सरासरी वेग यांवरून काढलेला आहे, या दोन विमानतळांदरम्यान थेट उड्डाण असेलच असे नाही.

उड्डाण नव्हतं. कधीच नव्हतं. मधे कोलकाता होतं. लीलाबारीहून आठवड्यातून तीन दिवस एक लहान, पंख्याचं विमान कोलकात्याला जायचं. तिथे जवळजवळ पावणेसहा तास थांबायचं आणि मग नागपूरचं विमान. तिने वहीत मांडलं. क्वार्टर ते विमानतळ सव्वा तास. तिथे आधी पोचायचं म्हणून पावणेदोन तास. पहिलं विमान दोन तास. थांबणं पाच तास चाळीस मिनिटं. दुसरं विमान पावणेदोन तास. नागपूरला सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत चाळीस मिनिटं. नागपूर ते सिंदी सव्वा तास. बेरीज : चौदा तास वीस मिनिटं.

तिने बेरीज वरून खाली केली, मग खालून वर केली. लग्नाआधी हीच बेरीज कोणीही करू शकलं असतं. पण आकडा तिने आणला होता, दोऱ्याला मेण लावून आणला होता, आणि म्हणून कोणी केली नाही. मोजमाप अचूक होतं. मोजायची गोष्टच दुसरी होती. प्रयोगाच्या वहीत मुलांनी अशी चूक केली की ती लाल शाईने काहीच लिहीत नसे, नुसती वही परत द्यायची.

धनंजयला तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर एकच प्रश्न आला असता : मग आणायचं की नाही? आणि त्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं. आणलं आणि ढगांमधे काही झालं तर? तिथे उलटं फिरवायला कोणी नव्हतं. नाही आणलं, आणि त्या पाण्याने वेढलेल्या क्वार्टरमध्ये पोरगी एकटी असताना काही झालं तर? तेही तिच्याच शब्दाने झालं असतं. दोन्हीकडून तिला तीच लाल रेघ येताना दिसायची. फोन वाजला की तिच्या हातातलं काचेचं भांडं आधी टेबलावर ठेवलं जायचं. त्या दिवसांत तिच्याकडून काही फुटलं नाही, इतकी ती सावध झाली होती.

सत्तावीस सप्टेंबरला काजलचा आवाज आनंदी होता.

"सर्टिफिकेट मिळालं, आई! प्रवासाले हरकत नाई, असं."

"त्या डॉक्टरांनी देलं?"

"नाई. दुसऱ्यांनी. अश्विन नको म्हनत होता, मीच हट्ट केला. त्यांनी पोट तपासलं, बीपी पाहिलं आनि लिहून देलं."

"रिपोर्ट दाखवला त्याईले?"

"त्यांनी मागतलाच नाई. मी बी दाखवला नाई. आई, रागावू नको ना."

जयवंता रागावली नाही. रागवायला जी जागा लागते ती भीतीने आधीच अडवली होती. ती म्हणाली, "बरं. पानी पीत जा भरपूर."

दसरा झाला. तीन तारखेला, शुक्रवारी, दुपारी बाराच्या सुमारास पुन्हा फोन. या वेळी काजल हळू बोलत होती, जणू कोणी झोपलं आहे आणि त्याला उठवायचं नाही.

"आई, सकाळी एक ठिपका दिसला. लाल. एकच. मग नाई दिसला."

जयवंताने हातातलं भांडं टेबलावर ठेवलं. "केवढा?"

"रुपयाएवढा. आता काईच नाई. आई, चारच दिवस राह्यले. मी दिवसभर पडून राहीन. मग बाबा येतीन अन् मी तुझ्याकडे. हो ना?"

"दवाखान्यात जा आत्ता."

"अश्विन आला की जातो. तू हो म्हन ना आधी."

जयवंताने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "तू आधी दवाखान्यात जा," एवढंच पुन्हा म्हणाली. संध्याकाळी निरोप आला : डॉक्टरांनी तपासलं, बाळाचे ठोके चांगले, रात्रभर ठेवून सकाळी सोडतील, झोपून राहायला सांगितलं आहे.

शनिवारी तिने स्वतः अश्विनला फोन लावला. तो कामावर होता. मागे यंत्रांचा घरघराट.

"जय भीम आई. थांबा, आडोशाला येतो." मग शांतता. "बोला."

"अश्विनराव, तुमाले काय वाटते?"

"खरं सांगू? मले झोप नाई, आई. मी काजलले दहादा म्हटलं, नको जाऊ. ते रडते. म्हनते, मायजवळ गेली की सगळं बरं होईन. माह्यं काय ऐकते ते? तुमी सांगतलं तरच ऐकन."

"त्या दवाखान्यात ऑपरेशनची सोय हाय ना? रक्त?"

"हाय. लखीमपूरचा मोठा सरकारी दवाखाना हाय, रक्तपेढी तिथंच. पन क्वार्टरपासून एक तास, अन् पान्यानं रस्ता गेला तं सांगता येत नाई. मले त्याचंच भेव हाय."

"दवाखान्याजवळ खोली मिळते भाड्यानं?"

"मिळते. माह्या सोबतच्या एकाची बायको राह्यलती. फाटकाच्या बरोब्बर समोर."

"फाटकापासून ऑपरेशनच्या खोलीपर्यंत किती वेळ? अंदाज नका सांगू."

"काल मी स्ट्रेचरच्या मागं पळालो, आई, तपासायले नेलं तेव्हा. चार मिनिटं."

रविवारी सकाळी धनंजय बॅग भरत होता. पलंगावर स्वेटर, कानटोपी, जवसाच्या चटणीचा डबा, आणि जिजाबाईंनी जुन्या सुती लुगड्याची शिवलेली सहा दुपटी. दुपटी न्यायची नव्हती, बाळ इथेच येणार होतं. पण जिजाबाईंनी ती बॅगेशेजारी आणून ठेवली होती, उगाच, बघायला.

"विमानात कानटोपी घालते काय कोनी?" जिजाबाई म्हणाल्या.

"ए.सी. राह्यते माय तिथं. काट्यावरचा पोट्टा सांगत होता, बर्फासारखं लागते."

"तो कवा बसला विमानात?"

"त्याचा साळा बसलता."

जयवंता बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसली होती. समोर आलेखाचा कागद, कॉलेजातून आणलेला, हिरव्या चौकटींचा. आडव्या रेषेवर तिने प्रवासाचे तास घेतले. उभ्या रेषेवर मात्र अंतर घेतलं नाही, घरही घेतलं नाही. त्या क्षणी रक्त सुरू झालं तर शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचायला किती मिनिटं लागतील, ते घेतलं.

विमानतळावर, निघण्याआधी : पंचवीस मिनिटं. विमान सुटलं की रेषा चढायला लागली. मध्यावर साठ मिनिटं आकाशात आणि चाळीस जमिनीवर, शंभर. कोलकात्याला उतरल्यावर पन्नास. तो आकडा तिला खात्रीने माहीत नव्हता म्हणून तिथे रेषा तुटक काढली. पुन्हा वर, पुन्हा नव्वद. नागपूरला उतरल्यावर तीस. आणि मग रेषा पुन्हा चढू लागली. तिने हात थांबवला. नागपूर सोडून गाडी सिंदीकडे येत होती आणि रेषा वर जात होती. सिंदी रेल्वे, स्वतःचं घर, हा पलंग, ही दुपटी : पन्नास मिनिटं. वर्ध्याकडे गेलं तरी तेवढीच, नागपूरकडे परत फिरलं तर जास्तच.

तिला वाटलं होतं चूक फक्त प्रवासात आहे. माहेरी पोचलं की शून्य, असं तिने न मोजताच धरलं होतं. दोन वर्षांपूर्वी दोऱ्याचं जे टोक तिने नागपूरवर रोवलं, ते कुठल्यातरी सुरक्षित ठिकाणी आहे असं गृहीत धरून रोवलं होतं. काजल जिथे येऊ म्हणत होती ते ठिकाण पन्नासावर होतं. क्वार्टर साठावर. आणि सगळ्यात खाली, कागदाच्या तळाशी जवळजवळ चिकटून, एक आडवी सरळ रेषा, कुठेही न चढणारी : फाटकासमोरची खोली, चार.

आकडे पुरेसे होते. तरी तिची भीती गेली नाही. चार मिनिटांतही माणूस जाऊ शकतं, हे तिला माहीत होतं.

धनंजय पाण्याचा गिलास घेऊन बाहेर आला आणि तिच्या खांद्यावरून वाकला. "हे काय काढून राह्यली? डोंगर?"

तिने त्याला सांगितलं. आधी रिपोर्ट, मग ठिपका, मग चौदा तास वीस मिनिटं, मग ती बारीक ओळ. एकाच पट्टीत, आवाज न चढवता, जसं मुलांना उपकरणाचे भाग सांगायची. धनंजयने गिलास टेबलावर ठेवला तो कागदावरच, आणि मग घाईने उचलला. आलेखावर ओला गोल वळ उठला.

"तीन आठवडे," तो म्हणाला. "तीन आठवडे तू हे घेऊन बसली? अन् मी पेढे वाटून राह्यलतो?"

"हो."

"काऊन नाई सांगतलं मले?"

"तुमी विचारलं असतं, मंग काय करायचं."

"मंग? विचारतोच ना! काय करायचं?" त्याचा आवाज फुटला. वजनकाट्यावरच्या गोंगाटात वीस फुटांवरून ऐकू येणारा तो आवाज, आता जवळूनही नीट येईना. "तिकडे कोन हाय तिच्याजवळ? अन् इकडे आनलं तं... मले काट्यावरचं वजन समजते, जयवंता. हे नाई समजत. तू सांग."

 आतल्या खोलीतून जिजाबाई भिंतीला धरून दारात आल्या होत्या. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. चेहरा उतरला होता.

"आठव्यात मीच अडवलं," त्या म्हणाल्या. "तेव्हा आली असती तं..."

"नाई, आत्याबाई. वार तेव्हाबी खालीच होती. तुमच्यानं काई झालं नाई."

"मंग आता?" म्हातारी म्हणाली. "अवं, बोल ना काईतरी. तू गप राह्यली की मले लय भेव वाटते."

टेबलावरचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. धनंजयने तो उचलून टेबलावरच्या एका डब्याला टेकवून उभा केला, म्हणजे सगळे दिसतील. पडद्यावर काजल आली, उशीला टेकलेली, केस बांधलेले, तोंड जरा सुजलेलं. मागे अश्विन उभा होता. त्याच्या मागे खिडकी आणि खिडकीत पाऊस.

"बाबा, बॅग भरली?" काजलने विचारलं. "कानटोपी घेतली काय खरंच? अश्विन हसून राह्यला तुमच्यावर."

कोणी हसलं नाही. काजल एकेका चेहऱ्याकडे बघत गेली. आजी, बाबा, आणि शेवटी आई. तिचं हसणं तिथेच थांबलं.

"आई? काय झालं? तू बाबाले सांगतलं?"

जयवंताने खुर्ची पुढे ओढली.  तिने दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले. तिकडे लेक वाट बघत होती. तिला आईच्या तोंडून एकच शब्द हवा होता आणि तो शब्द तिला मिळणार नव्हता. यानंतर जे होईल ते जयवंताच्या या वाक्यानंतर होईल. चांगलं झालं तरी, वाईट झालं तरी. त्यातून सुटका नव्हती.

"सांगतलं," ती म्हणाली. "आता तुले सांगतो, अन् मधात बोलू नको. अश्विनराव, आजच फाटकासमोरची ते खोली घ्या, आजच हिले तिथं हलवा. उद्या तुह्ये बाबा नाई निघत. तिथल्या डॉक्टरच्याच हातून बाळंतपन होईन. तू येऊ नको, काजल. मी येऊन राह्यली."